‘मे महिन्यात बर्फ असतो हे कुणी सांगितलंच नाही’ या रिव्ह्यूला गॅरेजचं उत्तर

नमस्कार. तुम्ही सुखरूप परत आलात आणि गाडीही धड आली, हे महत्त्वाचं. एक स्टारबद्दल तक्रार नाही. पण एकट्याने लेहला निघणारी बरीच मंडळी असे रिव्ह्यू वाचून गाडी कुठे दाखवायची ते ठरवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी फोंड्यात आमच्याकडून तयार करून घेतली, बर्फात चाकांवर चढवायची चेन भाड्याने नेली, तरी मनाली-लेह रस्त्यावरच्या बारालाचा खिंडीच्या चढावर बर्फात गाडी घसरली. खिंडीच्या अलीकडच्या जिस्पा गावात सकाळी गाडी सुरू झाली नाही, कारण आम्ही बसवलेली बॅटरी बाद. मेमध्ये बर्फ पडेल हे कुणी बोललं नाही. आणि फोन केला तर ‘परत फिरा’ एवढंच ऐकायला मिळालं. ‘गोव्यात बसून उंटावरून शेळ्या हाकतात’ हे तुमचं वाक्य आमच्या पोरांनी मोठ्याने वाचून दाखवलं.

आधी बर्फाचं बघू. आपण इथे मेमध्ये घामाने निथळत पावसाची वाट बघत असतो, त्यामुळे तिकडेही उन्हाळाच असणार असं वाटतं. पण बारालाचा सुमारे ४,८९० मीटरवर आहे, आणि भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात एप्रिल-मेमध्येही हिमालयाला धडकतात. ठोकळ हिशेब असा, की हजार मीटर वर गेलं की पारा साडेसहा अंशांनी उतरतो. जिस्पा साधारण ३,२०० मीटरवर, म्हणजे खिंडीत दहा-अकरा अंश जास्त गारठा. आदल्या संध्याकाळी जिस्पाला ‘मस्त रिमझिम’ होती असं तुम्हीच लिहिलंय. ती रिमझिम वर बर्फ म्हणूनच पडत होती. गाडी ताब्यात देताना जो कागद देतो, त्यात हा हिशेब अगदी वर छापलेला आहे. सर्व्हिसिंगला गाडी आली तेव्हा कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये होता, घडीही मोडलेली नव्हती.

चेनबद्दल लिहायचं नव्हतं, पण तुम्ही फोटो टाकलात म्हणून लिहितो. तुमची गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना, म्हणजे चेनही पुढच्याच चाकांना. अंगणात भर उन्हात आमच्या मुलाने ती दोनदा चढवून, उतरवून दाखवली, तुम्ही आंब्याच्या सावलीतून व्हिडिओ घेत होतात. परत आलेल्या गाडीत मागच्या दोन्ही चाकांच्या आतल्या पत्र्यावर अर्धगोल ओरखडे आहेत, आणि चेनची एक कडी तिथेच पिळवटलेली आहे. पुढची चाकं उघडी, मागच्यांना चेन, अशी गाडी चढावर जागेवरच गरगरणार आणि उतारावर स्टिअरिंगला दाद देणार नाही. तुमच्या फोटोतही तेच दिसतं. फोटो छान आलाय, पण.

बॅटरीचं सांगायचं तर तुमच्या जिस्पाच्या व्हिडिओत स्टार्टर चांगला जोमाने फिरताना ऐकू येतो. बॅटरी बसली असती तर नुसती टकटक झाली असती. टाकीत होतं पंजाबात भरलेलं उन्हाळी डिझेल. ते शून्याच्या आसपास जड होतं, त्यातलं मेण फिल्टरमध्ये अडकतं आणि इंजिनला डिझेलच पोचत नाही. म्हणून तर अकराच्या उन्हात गाडी आपोआप सुरू झाली. मनालीच्या अलीकडे टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्या आणि वर, जिस्पाच्या आधी लागणाऱ्या तांडीच्या पंपावर फुल करा, हे त्यासाठीच सांगतो.

आता ‘परत फिरा’. हा सल्ला आजही तोच देईन. अकराला गाडी सुरू झाली म्हणजे खिंडीत पोचायला दुपार होणार. दुपारी बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढतं, ढगही त्याच वेळी दाटतात. त्यात तुम्ही एकटे. दोघे असले तर एक जण उतरून रस्ता बघतो, चाकामागे दगड लावतो, धक्का देतो. जिस्पाच्या पुढे फोनचा भरवसा नाही. अशा वेळी एक दिवस हॉटेलात लोळत काढणं हाही प्रवासच आहे. कागदावर दोन दिवस मोकळे सोडायला लावतो ते चैनीसाठी नाही.

तुमच्या रिव्ह्यूतलं एक वाक्य मात्र वाचून धस्स झालं. वाहनं अडकली तेव्हा तुम्ही काचा बंद करून, हीटर लावून गाडीत बसून राहिलात आणि ‘हीटरमुळे डोकं भयंकर दुखलं’. हीटर निर्दोष आहे, तपासला. डोकं उंचीमुळेही दुखतं, तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम पंचावन्न टक्के. पण बर्फात सायलेन्सरचं तोंड बुजलं तर धूर गाडीत शिरतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचीही सुरुवात डोकेदुखीनेच होते. एकट्या माणसाला यातलं काय चाललंय ते कळत नाही, झोप लागते आणि माणूस उठत नाही. सीमेकडचे रस्ते सांभाळणाऱ्या बीआरओचा डोझर आला आणि वाट मोकळी झाली, हे तुमचं नशीब. पुढे कुणावरही ही वेळ आली तर उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, काच बोटभर उघडी ठेवा, इंजिन अधूनमधूनच चालवा. कागदात हे होतंच, आता मोठ्या अक्षरांत छापलंय.

पैशांचं: चेनचं भाडं परत मिळणार नाही. कडी पिळवटली तरी डिपॉझिट पूर्ण दिलंय. बॅटरी तुमच्यासमोर टेस्टरवर लावतो, कधीही या. बाद निघाली तर नवी बसवून देतो आणि तसं इथेच लिहितो.

आणि मागच्या चाकांच्या आतले ते ओरखडे जूनच्या आत रंगवून घ्या. आपल्याकडची खारी, दमट हवा उघड्या पत्र्याला सोडत नाही. रंगाचं काम आमच्याकडे होत नाही, पण रंगाऱ्याकडे जाण्याआधी गाडी आणलीत तर चाकं काढून पत्रा घासून प्रायमर मारून देऊ, त्याचे पैसे नकोत.