सोलकढीच्या लेखात विनोद का नको

‘दुसऱ्यांदा वाटी पुढे न करणारा पाहुणा घाटावरचा समजावा’ हे वाक्य विकिपीडियावरच्या सोलकढीच्या लेखात चालणार नाही, असं आम्ही लिहिलं. त्यावर तुम्ही विचारलंत, मालवणात बसून गजालींचं वावडं कधीपासून? ज्ञानकोशाला काय सुतक लागलंय?

वाक्य झकास आहे. पंगतीत ते खपतं, कारण कोण कुणाची फिरकी घेतोय ते समोर दिसतं. लेखात बोलणारा दिसतच नाही. शिवाय वाक्य तिथेच थांबत नाही. सर्च इंजिन ते उचलतं, शाळेच्या प्रकल्पात ते उतरतं, त्याचं भाषांतर होतं, आणि या प्रवासात थट्टा गळून नुसतं विधान उरतं. २००८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एका अमेरिकन विद्यार्थ्याने गंमत म्हणून कोआटी या प्राण्याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ हे नाव चिकटवलं. ते २०१४ पर्यंत टिकलं. मधल्या काळात वर्तमानपत्रांनी ते खरं समजून छापलं, आणि मग तीच छापील बातमी लेखात संदर्भ म्हणून येऊन बसली!

चर्चापानावर (लेखाबद्दल बोलायचं त्याला जोडलेलं पान) आणि चावडीवर (सगळ्या सदस्यांच्या गप्पांचं पान) मात्र खुशाल हसा. तिथे चार टिल्डे (~~~~) टंकले की नाव आणि वेळ उमटते, म्हणजे थट्टेला धनी असतो. फक्त एखादा लेख वगळायची चर्चा चालू असेल तर नको. ज्याची मेहनत पणाला लागलीय त्याला ती टवाळी वाटते. बदलांच्या आढाव्यात, म्हणजे पान जतन करताना काय बदललं ते सांगणाऱ्या ओळीत, तर मुळीच नको. पान जतन झाल्यावर तो आढावा दुरुस्त करता येत नाही, रागाच्या भरात मारलेला टोमणा पानाच्या इतिहासात, म्हणजे जुन्या बदलांच्या यादीत, तसाच राहतो.

असं वाक्य काढताना आधी इतिहास बघावा. नवख्याचा पहिलाच बदल असेल तर ‘उत्पात’ (मुद्दाम केलेली नासधूस) म्हणून शिक्का मारू नये, माणूस परत फिरकत नाही. आढाव्यात ‘विनोदी वाक्य चर्चापानावर हलवलं’ एवढं पुरे. चर्चापानावर मूळ बदलाचा दुवा द्यावा, आणि त्या सदस्याला धूळपाटी, म्हणजे सरावासाठीचं पान, दाखवावी.

राहता राहिला विनोद हाच विषय असलेला लेख. दशावतारातला संकासूर लोकांना कसा हसवतो, हे संदर्भ देऊन जरूर लिहावं. लिहिणाऱ्याने स्वतः संकासूर व्हायचं नाही. घाटावरच्यांची सोलकढीवरून अशी थट्टा होते, हे कुठे छापलेलं सापडलं तर तुमचं वाक्यही अवतरणात येईल. तोवर आगळाची कढी आणि भिजवलेल्या आमसुलांची कढी यांतला फरक लिहायला कुणी अडवलेलं नाही.