शस्त्रक्रियेनंतरची ब्रा: एका फिरत्या संदेशाला उत्तर

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ब्रा कायमची सोडावी, कारण तिच्यामुळे लसिकेचा (ऊतींमधून वाहणाऱ्या पातळ द्रवाचा, म्हणजे लिम्फचा) निचरा अडतो, विषारी द्रव्ये साचतात आणि बरा झालेला कर्करोग उलटतो; आणि वापरायचीच असेल तर एक नंबर कमी घ्यावी, म्हणजे सूज बसते, अशा आशयाचा संदेश महिलांच्या गटांत सतत पुढे ढकलला जातो. घट्टपणाने निचरा अडतो म्हणणारा हा लेखक अखेरीस घट्टच घ्यायला सांगतो, हे पुढे ढकलणाऱ्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

पहिला मुद्दा कर्करोगाचा. ब्रामुळे स्तनाचा कर्करोग होतो हा दावा १९९५ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकाने लोकप्रिय केला; त्यामागच्या पाहणीत वजन, बाळंतपणे, घराण्यातील आजार अशा ज्ञात कारणांचा हिशेबच धरलेला नव्हता. २०१४ मध्ये सिअ‍ॅटल येथील संशोधकांनी ५५ ते ७४ वयाच्या सुमारे दीड हजार स्त्रियांना कोणत्या वयापासून ब्रा वापरता, दिवसातून किती तास वापरता, तारेची वापरता का, असे तपशीलवार विचारले आणि कर्करोगाशी कोणताही संबंध आढळला नाही. आजार उलटणे हे गाठीचा प्रकार, टप्पा, काखेतील ग्रंथींची स्थिती आणि झालेले उपचार यांवर अवलंबून असते.

निचऱ्याच्या मुद्द्यात मात्र थोडे तथ्य आहे. स्तनातील बहुतांश लसिका काखेतील ग्रंथींकडे जाते, आणि त्या ग्रंथी काढल्या किंवा तेथे रेडिएशन दिले, तर हात, स्तन किंवा छातीच्या कडेला सूज येण्याची शक्यता राहते. अशा वेळी अरुंद, रुतणारा पट्टा त्रासदायक ठरू शकतो. पण यावरून निघणारा निष्कर्ष पट्टा रुंद असावा एवढाच आहे. काखेच्या शस्त्रक्रियेनंतर दंडाच्या आतल्या बाजूला आणि काखेत पुष्कळदा बधिरपणा राहतो, त्यामुळे शिवण घासत असली तरी ती जाणवत नाही. म्हणून ब्रा काढल्यावर आरशासमोर हात वर करून त्वचेवर खोल वळ उमटले आहेत का, हे डोळ्यांनीच पाहावे लागते.

एक नंबर कमी घेण्याचा सल्ला तर सरळ घातक आहे. सुरुवातीला सूज कमी-जास्त होते, जखमेतला द्रव बाहेर काढणारी ड्रेनची नळी असते, टाके ओले असतात. तेव्हा पुढून उघडणारी, बिनतारेची, मऊ सुती कापडाची, रुंद खांदपट्ट्यांची आणि हुकांच्या दोन-तीन रांगा असलेली ब्रा सोयीची, कारण हात मागे न्यावा लागत नाही आणि सूज येईल तसा हुक सैल करता येतो. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत. तार स्तनाखालच्या घडीवर टेकते, आणि अनेकदा छेद नेमका तिथेच असतो. म्हणून शल्यचिकित्सकाने संमती देईपर्यंत ती नको. गाठ तेवढी काढली असेल तर काही डॉक्टर रात्रीसुद्धा ब्रा घालायला सांगतात, उलट पोटाची किंवा पाठीची त्वचा घेऊन स्तन घडवला असेल तर तिथल्या रक्तवाहिन्यांवर दाब नको म्हणून काही दिवस मनाई असते. एका मैत्रिणीला मिळालेली सूचना दुसरीने परस्पर लागू करू नये, ते यासाठी. रेडिएशनच्या आठवड्यांत त्वचा सोलवटली, तर मऊ बनियन पुरते.

संपूर्ण स्तन काढलेल्यांची अडचण निराळी आहे आणि संदेशाला तिचा पत्ताच नाही. त्या बाजूला वजन नसल्याने साधी ब्रा वर सरकते आणि मग दुकानातली बाईसुद्धा नंबर कमी करायला सुचवते. खरा उपाय आतून खिसा असलेली ब्रा हा आहे: सुरुवातीला त्यात कापसाचा किंवा विणलेला हलका कृत्रिम स्तन ठेवावा आणि जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून सिलिकॉनचा घ्यावा. नेहमीच्या ब्रालाही शिंप्याकडून असा खिसा शिवून घेता येतो, फक्त त्याची शिवण व्रणावर येऊ देऊ नये. कृत्रिम स्तन वापरायचाच नाही, असे ठरवणेही पूर्णपणे योग्य आहे.