‘पेशी आपल्याच, मग धोका कसला?’

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: स्टेम सेलचं, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशींचं, इंजेक्शन घेतलं की वयामुळे अधू झालेली नजर परत येते, झिजलेले गुडघे भरून येतात, पेशी आपल्याच, त्यामुळे धोका नाही, संशोधनाला नोबेल मिळालंय, पण डॉक्टर सांगत नाहीत.

आधी धोक्याचं बघू. मार्च 2017 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या तीन स्त्रियांची हकिगत छापून आली. वयं 72 ते 88, आजार मॅक्युलाच्या, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याच्या (दृष्टिपटलाच्या) मधल्या भागाच्या, झिजेचा. एका क्लिनिकने त्यांच्याच पोटातल्या चरबीतून पेशी काढून डोळ्यांत टोचल्या आणि वर 5,000 डॉलर घेतले. त्याआधी त्यांना बऱ्यापैकी दिसत होतं. नंतर रक्तस्राव झाला, पडदा सरकला, नजर जवळजवळ गेली. दोन्ही डोळ्यांची, कारण दोन्हींत एकाच दिवशी इंजेक्शन दिलं होतं. हे वाचून आजही संताप येतो. पेशी आपली असली तरी नव्या जागी ती कशी वागेल, याची हमी कोण देणार?

नोबेलचं म्हणाल तर 2012 मध्ये शिन्या यामानाका आणि जॉन गर्डन यांना ते मिळालं, हे खरंच. पण कशासाठी? प्रौढ पेशीला पुन्हा मूळ अवस्थेत नेता येतं, या शोधासाठी. चरबीतून पेशी काढून टोचण्याशी त्याचा संबंध नाही.

त्या शोधाच्या वाटेने जाणारे कसे चालतात, तेही बघा. 2014 मध्ये जपानमधल्या कोबे इथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरीतल्या एका स्त्रीच्या त्वचेपासून दृष्टिपटलाखालच्या पेशींचा थर तयार केला आणि तिच्या एकाच डोळ्यात बसवला. वर्षभराने थर जागेवर होता. नजर सुधारली नाही, पण आणखी बिघडलीही नाही. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळले, तेव्हा त्यांनी शस्त्रक्रियाच केली नाही.

आता गुडघे. तिथल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तपुरवठाच नसतो, म्हणून ती सहजी भरून येत नाही. झिजलेल्या गुडघ्यातल्या म्हाताऱ्या पेशी काढून टाकणारं यूबीएक्स-0101 हे औषधही 2020 च्या चाचणीत औषध नसलेल्या, तुलनेसाठी दिलेल्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही, आणि ते औषध बनवणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं.

मग डॉक्टर लपवतात ते काय? मॅक्युलाच्या कोरड्या झिजेवर 2023 मध्ये अमेरिकेत पेगसेटाकोप्लान या औषधाला मान्यता मिळाली. ते झीज मंदावतं, गेलेली नजर आणत नाही. डॉक्टर तेवढंच सांगतात, कारण तेवढंच सिद्ध झालंय.

तरीही कुणी इंजेक्शन घ्यायला निघालंच असेल, तर तिथे दोन प्रश्न नक्की विचारा: ही नोंदणीकृत चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे का घेता? आणि आधी एकच डोळा का नाही?