कामगार दिनाची गारपीट

कोल्हापूरकराला बर्फाचं वेड भलतंच. सिमल्याला चार दिवस जाऊन आलेला माणूस इथं वर्षभर कट्ट्यावर त्याच भांडवलावर बोलतो. हिमवादळ काही आपल्या नशिबी नाही, म्हणून वळवाच्या गाराच आम्ही बर्फ म्हणून साजऱ्या करतो. यंदा त्या नेमक्या सुट्टीच्या दिवशी आल्या, १ मेला.

१ मे म्हणजे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. पैकी आमच्या घरात दुसराच पाळतात. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक आईनं पहाटेच शिजत घातला होता. तो हाटायला बायको, सोऱ्या दाबायला मी आणि "आरं जोर लाव की, जेवला न्हाईस काय?" म्हणायला आई. चीक गरम असतानाच दाबावा लागतो, म्हणजे तळहाताला चटका आणि मनगटात कळ. दहाच्या सुमारास गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगा लागल्या आणि मी आडवा झालो.

चारला पूर्वेकडनं आभाळ काळंनिळं होऊन आलं. वाऱ्यानं गल्लीतली सगळी धूळ घरात आणून टाकली. पत्र्यावर एक टण्ण. मग दुसरा. आणि मग खडीचा डंपर ओतावा तसा आवाज.

"आरं, कुरडया!"

डोक्यावर स्टीलची परात धरून मी गच्चीत धावलो. डोकं वाचलं, कान गेले. अर्धवट वाळलेली कुरडई कागद सोडत नाही, आणि ओढली तर हातात नुसत्या शेवया येतात. शेजारचे तात्या लुंगी खोचून बादलीत गारा गोळा करत होते.

"भावा, काश्मीर झालंय बघ काश्मीर!"

"तात्या, कागदाचं टोक धरा की जरा!"

"थांब, व्हिडिओ होऊ दे."

लाईट गेलीच होती. अंधारात कारणमीमांसा सुरू झाली. तात्यांच्या मते हे सगळं मोबाईलच्या टॉवरमुळं. सुट्टीला आलेला भाचा म्हणाला, "मामा, बर्फ पडायला थंडी लागते, गारा पडायला ऊन." दिवसभर तापलेल्या जमिनीवरून दमट हवा जोरानं वर चढते, ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातो. साधारण ५ किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली, तरी तिथले कित्येक थेंब पाणीच राहिलेले असतात. बर्फाच्या कणाला टेकले की मात्र गोठतात. वर जाणारा वारा त्या कणाला तोलून धरतो, थरावर थर चढतात, आणि वाऱ्याला पेलवेना झाली की गार सुटते. ती आमच्या गच्चीवरच का, हे त्यानं सांगितलं नाही.

पुरावा म्हणून त्यानं तात्यांच्या बादलीतली मोठी गार सुरीनं कापली. मधे दुधाळ, भोवती काचेसारखा थर, वर पुन्हा दुधाळ. पाणी झटकन गोठलं की हवेचे बुडबुडे आत अडकतात, म्हणून दुधाळ; सावकाश गोठलं की स्वच्छ. तोवर सुरीवरच तिचं पाणी झालं.

शिवारात मात्र कुणी गारेचा व्हिडिओ काढून हसत नाही. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी महाराष्ट्रात गहू, हरभरा आणि द्राक्षबागा लोळवल्या होत्या. त्यापुढं आमच्या कुरडया काय! हे मी आईला सांगून पाहिलं. तिनं उत्तरादाखल नवे गहू भिजत घातले आणि वाटेत पडलेल्या कैऱ्या आणायला मला पिशवी दिली.

तात्यांनी गारांचा डबा फ्रीजरमध्ये ठेवला होता. लाईट मध्यरात्री आली, तोवर गारांचं पाणी झालं होतं आणि पहाटेपर्यंत त्या पाण्याचा पुन्हा बर्फ. डब्याच्या आकाराची ती चौकोनी गार तात्या आता येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. परवा ऐकलं तर म्हणे ती थेट त्यांच्या खांद्यावर पडली होती.