आधी वॉल लावा, मग हंडी बांधा

यंदा चौकात दहीहंडी घ्यायची ठरली ना? मग पोलिसांची परवानगी, गोविंदांचा विमा, अॅम्ब्युलन्स ही किरकोळ कामं पोरांवर सोडा आणि तुम्ही स्वतः एलईडी वॉलच्या मागे लागा. हंडी काय, कुणीही बांधतं.

एखादा शहाणा विचारेल, मनोरा तर आभाळातच लागतो. 2012 साली ठाण्यात जय जवान पथकाने लावलेले नऊ थर 43.79 फूट भरले होते. तेवढं बघायला पडदा कशाला? अशा माणसाला कार्यकारिणीत घेऊ नका. गोविंदा मान वर केली की दिसतो. स्टेजवर सोफ्यात बसलेले साहेब दिसत नाहीत. खरी अडचण ती आहे.

वॉल स्टेजच्या मागेच हवी. त्यामुळे साहेबांची पाठ पडद्याकडे येते आणि स्वतःचं दर्शन त्यांना होत नाही, म्हणून सोफ्यासमोर एक टीव्हीही ठेवा. व्हेंडर 'पी थ्री पॉइंट नाइन वन' म्हणाला की मान डोलवा. दोन दिव्यांमधलं अंतर 3.91 मिलिमीटर, एवढाच त्याचा अर्थ. जितके मिलिमीटर तितक्या मीटरवरून चित्र नीट दिसतं, असा ठोकताळा आहे. तुमची गर्दी पन्नास मीटरवर असणार, म्हणजे पी टेनसुद्धा चालेल. तरी महागडीच घ्या. भाडं प्रायोजक भरतोय.

पडद्यावर काय दाखवायचं? साहेब गाडीतून उतरताना, साहेब स्लो मोशनमध्ये, साहेब कुणाचं तरी बाळ कडेवर घेऊन. बाळ रडत असेल तर आवाज बंद. मध्येच थर दाखवायला हरकत नाही, पण सातवा लागला की प्लॉटिंगची जाहिरात सोडा. त्या क्षणी सगळा चौक श्वास रोखून असतो, एवढं लक्ष प्रायोजकाला एरवी कुठे मिळायचं?

अर्ध्या मीटरचं एखादं पॅनल ऐनवेळी बंद पडतंच, आणि ते नेमकं साहेबांच्या नाकावर येतं. घाबरू नका. ऑपरेटरला फोटो जरा डावीकडे सरकवायला सांगा, म्हणजे काळा चौकोन तालुकाध्यक्षांवर जाईल. ऑपरेटरच्या लॅपटॉपवर 'अॅक्टिव्हेट विंडोज' कायमचं असतं, तेही राहू द्या. 'भाऊ, मागच्या वर्षीचे पैसे कधी?' हा व्हॉट्सअॅप दहा फुटी अक्षरांत झळकला की दिवसातली सगळ्यात मोठी शिट्टी पडते. प्रेक्षकांचा सहभाग म्हणतात तो हाच.

भाषणाच्या वेळी शंभर मीटर मागे उभ्या असलेल्यांना साहेबांचे ओठ आधी हललेले दिसतील आणि आवाज साधारण 0.3 सेकंदांनी पोचेल. ध्वनीचा वेगच तेवढा, त्याला मंडळ काय करणार? आश्वासनं यापेक्षा बरीच उशिरा पोचतात, लोकांना सवय आहे.

पडद्याने मतं मिळतात का, हे मात्र विचारू नका. 2019च्या लोकसभेला राज ठाकरेंनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत सभा गाजवल्या, स्वतःच्या पक्षाचा एकही उमेदवार नसताना. लोकांनी व्हिडिओ मिटक्या मारत पाहिले आणि 48 पैकी 41 जागा ज्यांच्यावर ते व्हिडिओ होते त्या युतीलाच दिल्या. पण तिथे निदान समोरच्याला तरी पडद्यावर आणलं होतं. तुम्ही फक्त आपल्याच माणसाला दाखवा, म्हणजे तुलनेला जागाच उरत नाही.

राहता राहिला पाऊस. गोपाळकाला ऐन पावसाळ्यात येतो, हे व्हेंडरला दरवर्षी नव्याने कळतं. पाणी सोसणारी आउटडोअर पॅनल्स सांगून तो हॉलमधली लावून जातो. पहिली सर आली की गोविंदा आणखी चेकाळतात आणि वॉल विझते. तेवढ्यासाठी मंडळाच्या खोलीतलं जुनं फ्लेक्स काढून ठेवा, ताडपत्रीसारखं वरून टाकायला. फक्त टाकण्यापूर्वी उलटं करा. फोटो साहेबांचाच आहे, पण चिन्ह त्या पक्षाचं आहे, ज्यात ते गेल्या वर्षी होते.