‘टॉप किती?’ या प्रश्नाला माझा आक्षेप

गेल्या महिन्यात माझा भाचा त्याची अप्रिलिया तुओनो व्ही-४ ही मोटारसायकल घेऊन पुण्याहून सोलापूरला आला. गाडी अक्कलकोट रोडवरच्या आमच्या लेथच्या कारखान्यासमोर उभी राहिली आणि अर्ध्या तासात तिच्याभोवती जमलेल्या प्रत्येकाने आळीपाळीने दोनच प्रश्न विचारले: ‘टॉप किती?’ आणि ‘किती देते?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भाच्याने खरे खरे दिले, लिटरला तेरा-चौदा, आणि ते ऐकून शेजारच्या यंत्रमागवाल्यांनी जे तोंड केले ते पाहण्यासारखे होते. पहिल्या प्रश्नाला मात्र माझा आक्षेप आहे. दोन दिवस ती गाडी चालवून झाल्यावर माझे मत असे झाले आहे की, तिच्याविषयी सर्वांत बिनमहत्त्वाची गोष्ट कोणती असेल तर ती तिचा कमाल वेग.

इटालियन भाषेत ‘तुओनो’ म्हणजे मेघगर्जना. अप्रिलिया ही व्हेनिसजवळच्या नोआले गावची कंपनी, २००४ पासून ती पिआज्जिओ समूहात आहे, आणि त्याच समूहाच्या बारामतीत बनणाऱ्या आपे तीनचाकी आपल्या मार्केट यार्डात कांद्याची पोती वाहताना रोज दिसतात. (तुओनो ४५७ नावाची धाकटी बहीणही बारामतीतच बनते; तिच्याविषयी पुन्हा कधीतरी.) मोठ्या तुओनोचे इंजिन मुळात रस्त्यासाठी जन्मलेलेच नाही. ते २००९ च्या आरएसव्ही-४ या शर्यतीच्या जातकुळीच्या गाडीतून आले, आणि त्याच गाडीवर इटालियन शर्यतपटू मॅक्स बियाजीने २०१० आणि २०१२ ची जागतिक सुपरबाइक अजिंक्यपदे जिंकली. २०११ मध्ये कंपनीने त्या गाडीवरचे बहुतेक आवरण उतरवले, खाली वाकायला लावणारी हँडलची दोन टोके काढून सरळ रुंद हँडल बसवले आणि तिला तुओनो व्ही-४ म्हटले. म्हणजे पैलवान तोच, फक्त आखाड्यातून उठवून त्याला गावात वावरायला शिकवलेले.

ते वावरणे त्याला किती जमले आहे, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

माझा धंदा लेथचा असल्यामुळे मी आधी इंजिनाकडे पाहिले. २०१५ पासून ते १०७७ सीसीचे आहे. चार सिलिंडर, पिस्टनचा व्यास ८१ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, अवघी ५२.३ मिमी. एवढा रुंद पिस्टन आणि एवढा आखूड स्ट्रोक म्हणजे इंजिनाला खूप फिरायचे आहे हे कागदावरच कळते. भाच्याच्या गाडीची १७५ अश्वशक्ती मिनिटाला ११ हजार फेऱ्यांच्या आसपास मिळते, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा क्रँक सेकंदाला १८० च्या वर फेरे मारतो. आमच्या भागातला साधा यंत्रमाग मिनिटाला शंभर-दीडशे वेळा धोटा फेकतो आणि तेवढ्यावर सगळी गल्ली हादरते, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. इंग्रजी ‘व्ही’सारख्या मांडलेल्या सिलिंडरच्या दोन जोड्यांतला कोन ६५ अंशांचा आहे. डुकाटी या दुसऱ्या इटालियन कंपनीने आपल्या व्ही-४ मध्ये ९० अंशांचा कोन घेतला, त्यात पिस्टनांचा मुख्य तोल आपोआप सांभाळला जातो. ६५ अंशांत तो जात नाही, म्हणून अप्रिलियाला तोल राखणारा वेगळा शाफ्ट द्यावा लागला. त्या बदल्यात इंजिन लांबीला आखूड झाले आणि त्याला चौकटीत नेमके हवे तिथे बसवता आले. कारागीर म्हणून मला हा सौदा पटतो.

माझी पहिली गाडी यामाहाची आरएक्स-१०० होती, ९८ सीसी आणि ११ अश्वशक्तीची. तुओनो वजनाने तिच्या साधारण दुप्पट आणि ताकदीने सोळापट आहे. त्यामुळे सात रस्त्याच्या सिग्नलला पहिल्यांदा क्लच सोडताना मी देवाचे नाव घेतले होते, हे कबूल करतो. प्रत्यक्षात झाले ते इतकेच की गाडी हळूच पुढे सरकली. मनगट केसभर वळवले तर केसभरच ताकद येते, जास्त नाही. बंद केलेले ॲक्सिलरेटर पुन्हा उघडताना जो एक धक्का मोठ्या इंजिनांत बसतो, तो इथे जवळजवळ जाणवत नाही. शर्यतीतून आलेल्या इंजिनाकडून ही मवाळी मला अपेक्षित नव्हती, आणि माझ्या मते या गाडीतील सगळ्यात अवघड कारागिरी हीच आहे. ताकद वाढवणे त्या मानाने सोपे असते.

पुणे महामार्गावर मोहोळपर्यंत जाऊन आलो, त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. चौपदरी महामार्गावर दुचाकीला कायद्याने ताशी ८० ची मर्यादा आहे आणि या गाडीचा पहिला गिअरच शंभरी ओलांडतो. सहाव्या गिअरमध्ये ८० ला इंजिन अक्षरशः डुलकी काढते. शिवाय पुढे नाकाएवढेच आवरण असल्याने वेग वाढला की वारा छातीवर हात ठेवून थांबवू लागतो. ‘टॉप किती’ विचारणाऱ्यांनी हा वारा एकदा अंगावर घेऊन पाहावा.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तुळजापूरला निघालो. गावाच्या अलीकडचा घाट फार मोठा नाही, पण तेवढ्यात मला ही गाडी कळली. वळणात शिरण्याआधी दोन गिअर खाली टाकले (क्लच न दाबता, कारण तशी सोय आहे), प्रत्येक गिअरला इंजिनाने आपणहून हुंकार दिला, रुंद हँडल आतल्या हाताने किंचित ढकलले आणि २०९ किलोची गाडी सायकलसारखी आडवी झाली. वेग किती होता? पन्नास-पंचावन्न. त्या वेगाला इंजिन पाच-सहा हजारांत असते आणि तिथला आवाज वरच्या किंकाळीसारखा नसतो. तो घोगरा, जाड, थोडा असमान ठोक्याचा असतो, जणू दोन वेगवेगळी इंजिने एकमेकांशी वाद घालत आहेत. वळणाच्या मध्यावर पुढचे चाक कुठे टेकले आहे हे तळहातांना कळत राहते. आरएक्सवर मला हा आनंद वयाच्या विसाव्या वर्षी मिळत असे. मधल्या तीस वर्षांत एवढ्या कमी वेगात तो कुणी दिला नव्हता.

एका वळणावर उसाच्या ट्रॉलीतून पडलेले पाचट पसरले होते. मागचे चाक त्यावर घसरले, समोर एक दिवा क्षणभर लुकलुकला, इंजिनाने स्वतःचा दम आवरला आणि चाक पुन्हा रेषेवर आले. चूक माझी होती, मी ॲक्सिलरेटर लवकर उघडले होते. आमच्या पिढीतले काही मित्र म्हणतात की या इलेक्ट्रॉनिक्समुळे चालवणाऱ्याचे कसब संपते. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, कसब पाचटावर उपयोगी पडत नाही. चाकाची घसरण ओळखून ताकद आवरणारे, आठ टप्प्यांत कमी-जास्त करता येणारे हे नियंत्रण घाटात मी वरच्या टप्प्यावर ठेवले होते आणि त्याची मला लाज वाटत नाही.

परत येईपर्यंत ऊन चढले होते. पाण्याने थंड होणाऱ्या कोणत्याही मोठ्या इंजिनाने सोलापूरच्या उन्हात गर्दीत उभे राहिले की जे व्हायचे तेच झाले: पंखा सुरू झाला आणि मांड्यांना तव्याजवळ बसल्यासारखी धग लागू लागली. अजून पारा चाळिशीला टेकायचा होता. एप्रिल-मेमध्ये दिवसा ही गाडी बाहेर काढू नये, असे मी भाच्याला बजावले आहे.

कारखान्यात आल्यावर मी मागचा टायर पाहिला. जवळजवळ वीतभर रुंद टायर. मधोमध पुणे-सोलापूरच्या सरळ रस्त्याने त्याचा पट्टा चपटा घासला होता, आणि दोन्ही कडांना साच्यातून निघतानाचे रबरी केस अजून तसेच उभे होते. फक्त डाव्या कडेकडचे थोडे केस त्या सकाळी घाटात गाडी आडवी होताना झिजले होते. मी बोट ठेवून ती जागा भाच्याला दाखवली. तो म्हणाला, “मामा, दोन वर्षं झाली गाडी घेऊन, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.” मग खाली बसून त्याने उजवी कडही नीट पाहिली. तिथले केस जसेच्या तसे होते.