नागीण डोळ्यापाशी उठली तर गेरू नको, आधी दवाखाना

आपल्या बीड-लातूरकडच्या ग्रुपांवर परत तोच मेसेज फिरायलाय. नागीण कपाळावर, डोळ्यापाशी निघाली तर दवाखान्यात जाऊ नका, गोळ्यांनी विष आत उतरतं, मंतरून घ्या, गेरू लावा, तोंड-शेपूट भेटलं की माणूस दगावतो. लोक घाबरून हेच करायलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

तोंड-शेपटाचं आधी. नागीण म्हणजे कधीकाळी होऊन गेलेल्या कांजिण्यांचाच व्हायरस, तो नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षं गप पडून राहतो आन वय झालं, शुगर वाढली, अंगातली ताकद कमी झाली की बहुतेक वेळा एकाच नसेच्या वाटेनं बाहेर येतो. ती नस एकाच बाजूची, म्हणून पट्टा अंगाच्या मधोमध येऊन थांबतो. भेटणार काय आन कसं?

मंतरल्यानं बरी होते म्हणता, तर ती दोन ते चार आठवड्यांत तशीही सुकते.

पण डोळ्याची गोष्ट वेगळी आहे आणि मला खरी काळजी तिथंच वाटते. पाठ-बरगडीवरची नागीण आपण सगळ्यांनी पाहिलेली असते, कपाळावरची लवकर ओळखूच येत नाही, आधी एका बाजूचं डोकं ठणकतं, मग पुरळ, मग पापणी सुजते. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं जा, कारण शेंड्याला आणि डोळ्याच्या आत जाणारी नस एकच. बुबुळावर जखम होते, आत सूज येते, डोळ्यातलं प्रेशर वाढतं, नजर कायमची जाऊ शकते. वरून गेरू थापला की तो वाळून पापणी चिकटते, डोळा लाल झालाय का हेच घरच्यांना दिसत नाही.

गोळ्यांनी विष आत जातं हे तर साफ उलटं आहे. असायक्लोव्हिरसारखी गोळी व्हायरसची वाढच थांबवते, पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालेली सगळ्यात चांगली, पण उशीर झाला म्हणून घरी बसू नका, डोळ्याला त्यानंतरही लागते. किडनीचा त्रास असला तर डोस बदलतो, त्यामुळं मेडिकलवरून मनानं घेऊ नका, आणि स्टिरॉइडचे ड्रॉप तर डॉक्टरनं सांगितल्याशिवाय अजिबात टाकू नका.

मेसेजमधी शेवटी लिहिलंय की नागीण कुणाला लागत नाही. नागीण नाही लागत, पण फोडातल्या पाण्यानं कांजिण्या लागू शकतात, तेव्हा खपली धरेपर्यंत घरातलं तान्हं लेकरू आणि कांजिण्या न झालेली गरोदर बाई लांब ठेवा.